चैत्र नवरात्र, मार्च एंड आणि अंदमान: नागपूरच्या एका कुटुंबाची बेटावरची सुट्टी

त्रिमूर्तीनगरातलं सहा जणांचं कुटुंब. वडील केंद्र सरकारच्या इथल्या एका कार्यालयात लेखा विभागात, आई घरीच शिकवणी घेणारी. मुलगी सातवीची परीक्षा देणारी, मुलगा तिसरीची. आजोबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, दोन्ही गुडघे दुखरे. आजींना रक्तदाबाची गोळी रोजची. 2023 च्या जानेवारीत हे लोक माझ्याकडे आले. मागणी साधी होती: परीक्षा संपली की नवं सत्र सुरू व्हायच्या आत सगळ्यांनी मिळून बेटावर जायचं. मुलांनी समुद्र फक्त एकदा, तोही गोव्यात गर्दीतून पाहिलेला.

मी नागपुरात कुटुंबांच्या सहली आखून देण्याचं काम करतो. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की आपल्याकडची बहुतेक घरं बेटाची सहल उलट्या टोकाने सुरू करतात. आधी हॉटेलचा फोटो आवडतो, मग पॅकेज विचारलं जातं, तारखांचं सगळ्यात शेवटी बघू म्हणतात. आपल्यापासून समुद्र कुठल्याही दिशेला रात्रभराच्या प्रवासावर. बेट म्हणजे त्यापुढे आणखी विमान आणि बोट. या साखळीतली एक कडी हलली की पुढच्या सगळ्या हलतात. म्हणून बेटाच्या बाबतीत मी तारखा आधी आणि जागा नंतर ठरवतो, आणि या कुटुंबालाही पहिल्या भेटीत तेच सांगितलं.

तरी जागेची चर्चा झालीच, कारण आईच्या मोबाईलमध्ये मालदीवचं पॅकेज होतं. भारतीय पासपोर्टवर मालदीवला जायला आधी व्हिसा काढावा लागत नाही, हे खरं. पण सहापैकी चौघांकडे पासपोर्टच नव्हता. अर्ज, भेटीची वेळ, पोलिस पडताळणी हे सगळं दोन महिन्यांत झालं असतं कदाचित, पण पासपोर्ट हातात येईपर्यंत तिकीट काढणं शहाणपणाचं नाही आणि सुट्टीच्या दिवसांतली तिकिटं तुमच्यासाठी थांबत नाहीत. शिवाय तिथली रिसॉर्ट बहुधा एका बेटावर एकच असतात. विमानतळावरून तिथे न्यायला स्पीडबोट किंवा पाण्यावर उतरणारं विमान, आणि जेवणापासून सगळे दर डॉलरमध्ये. आजोबांनी शांतपणे विचारलं, "बेटावर एकच हॉटेल, मग दुसऱ्या दिवशी पाहायचं काय?" नवरा-बायको दोघंच असते तर मी मालदीवची बाजू घेतली असती. सहा जणांच्या, तीन पिढ्यांच्या घराला ते जमणारं नव्हतं.

लक्षद्वीप सुंदर आहे. पण तिथे जायला भारतीयांनाही परवाना लागतो, कोचीहून अगत्तीला छोटं विमान जातं आणि राहायच्या खोल्या मोजक्या. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाताना लहान बोटीत चढ-उतार करायची, तिथे आजोबांचे गुडघे आड आले.

उरलं अंदमान. परवाना नको, हिंदी सगळीकडे चालते, आणि आजोबांना सेल्युलर जेल पाहायचं होतं. आयुष्यभर वर्गात काळ्या पाण्याची शिक्षा शिकवलेल्या माणसाला ती कोठडी एकदा डोळ्यांनी बघायची होती. माझ्या दृष्टीने एवढं कारण पुरेसं होतं. त्यात वडिलांनी एलटीसीचं, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्याला प्रवासाचा खर्च देणाऱ्या सवलतीचं, नाव काढलं आणि पैशांचा सगळा हिशोब बदलला.

एलटीसीचं गणित

नागपुरात केंद्र सरकारच्या नोकरीतली घरं खूप आहेत, म्हणून हा भाग जरा खोलात सांगतो. मूळगावी जाण्याची एलटीसी बदलून अंदमानला जाण्याची खास सवलत केंद्राने दिलेली आहे, आणि ती दर काही वर्षांनी वाढवत आणली आहे. ज्यांना एरवी विमानप्रवास लागू नाही, त्यांनाही कोलकाता किंवा चेन्नईपासून पोर्ट ब्लेअरपर्यंत इकॉनॉमी वर्गाचं विमान मिळतं. (सप्टेंबर 2024 मध्ये या शहराचं नाव श्रीविजयपुरम करण्याचं जाहीर झालं. सहल त्याआधीची, म्हणून जुनंच नाव ठेवतो.) मात्र मुख्यालयापासून, म्हणजे नोकरीच्या ठिकाणापासून, कोलकाता किंवा चेन्नईपर्यंतचा प्रवास आपल्या पात्रतेनुसार. या गृहस्थांची पात्रता रेल्वेच्या टू टिअर एसीची.

यात एक अट बरेच जण वाचत नाहीत. ज्यांचं घोषित मूळगाव आणि नोकरीचं ठिकाण एकच आहे, त्यांना हा बदल मिळत नाही. नागपूरचेच मूळ रहिवासी आणि नागपुरातच नोकरी, तर इथेच गाडी अडते. या कुटुंबाचं मूळगाव सेवापुस्तकात यवतमाळ जिल्ह्यातलं होतं, म्हणून वाट मोकळी झाली. मी त्यांना तिकिटाच्या आधी ते पान कार्यालयात उघडून बघायला लावलं.

दुसरी अट आजी-आजोबांची. आई-वडील पूर्णपणे अवलंबून असतील तरच एलटीसीत बसतात, आणि त्यासाठी त्यांचं सगळं मिळून मासिक उत्पन्न 9,000 रुपये व त्यावरचा महागाई दिलासा या मर्यादेच्या आत लागतं. निवृत्त मास्तरांची पेन्शन त्याहून बरीच वर. म्हणजे चौघांची तिकिटं सरकारी खर्चात आणि दोघांची घरची. सरकारी खर्चाची विमान तिकिटं बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी यांच्याकडूनच काढावी लागतात. तेव्हा चौघांचं एक पीएनआर, आजी-आजोबांचं दुसरं, आणि दोन्हीकडे विमान मात्र तेच. दोन पीएनआर असले की विमानाची वेळ बदलल्याचा निरोप एका मोबाईलवर येतो, दुसऱ्यावर कधी येत नाही. म्हणून दोन्हीकडे वडिलांचाच नंबर टाकला.

मग तारखा

मुलांची परीक्षा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात संपणार होती. शाळा मिशनरी, ईस्टर 9 एप्रिलला, त्यामुळे नवं सत्र सोमवार, 10 एप्रिलला. कागदावर जवळजवळ तीन आठवडे मोकळे. आईचं म्हणणं होतं, परीक्षा संपली की दुसऱ्याच दिवशी निघू.

पण 22 मार्चला गुढीपाडवा आणि त्याच दिवशी चैत्र नवरात्राचं घट बसणं. आजींचा नऊ दिवसांचा उपास, मध्ये एकदा कोराडीच्या देवीचं दर्शन, आणि 30 मार्चला रामनवमी. त्या दिवशी नागपुरात पोद्दारेश्वर राममंदिराची शोभायात्रा निघते आणि अर्धं शहर रस्त्यावर असतं. सुनेने दबकतच विचारलं, की उपास तिकडे नाही का करता येणार. आजी म्हणाल्या, "नवरात्र माझं घरीच होईल बाप्पा. मग न्या कुठंही." माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. बेटावर उपासाचं मिळेल न मिळेल, आणि नऊ दिवसांच्या उपासात बोटीचे हेलकावे हे रक्तदाबाच्या माणसाला नकोच. घरातली मोठी माणसं काही मागत नाहीत म्हणून त्यांच्या अडचणी सगळ्यात शेवटी ऐकल्या जातात. मी आखणीला बसतो तेव्हा त्यांना पहिलं विचारतो.

नवरात्र झालं तर 31 मार्च. लेखा विभागातल्या माणसाला मार्च एंडला सुट्टी मागणं म्हणजे साहेबाशी वैर घेणं. 31 ला रात्री उशिरापर्यंत बिलं पास होत राहतात.

तीन आठवड्यांतून उरले 1 ते 9 एप्रिल. हे पाहून आईचा चेहरा उतरला होता. मग आम्ही कॅलेंडर टेबलावर घेतलं. 1 आणि 2 शनिवार-रविवार, 4 ला महावीर जयंती, 7 ला गुड फ्रायडे, 8 आणि 9 परत शनिवार-रविवार. वडिलांना रजा टाकायची ती फक्त 3, 5 आणि 6 ची. तीन रजांत नऊ दिवस! मार्च एंड झाल्यावर कार्यालयही सुस्तावलेलं असतं, त्यामुळे अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला.

आता या नऊ दिवसांतून प्रवास वजा करायचा. नागपूरहून पोर्ट ब्लेअरला थेट विमान नाही. रेल्वेने हावडा सुमारे 1,100 किलोमीटर. गाडीने गेलो तर सगळा खर्च एलटीसीत बसतो. पण 1 तारखेला निघालेली गाडी 2 ला पोचणार, आणि तिला उशीर झाला तर त्याच दिवशीचं पोर्ट ब्लेअरचं विमान हातचं जाणार. रेल्वे आणि विमानाची तिकिटं वेगवेगळी असली की उशिराची जबाबदारी कोणीच घेत नाही. म्हणून जाताना 1 ला संध्याकाळी नागपूर ते कोलकाता विमान, रात्री विमानतळाजवळ मुक्काम, 2 ला सकाळी पोर्ट ब्लेअर. या पहिल्या टप्प्यासाठी रेल्वे भाड्याइतकीच भरपाई मिळणार होती, वरचा फरक त्यांनी खिशातून घातला. येताना 7 ला कोलकाता गाठून रात्रीची रेल्वे, 8 ला नागपूर, आणि 9 चा रविवार कपडे धुवायला नि पुस्तकांना कव्हरं घालायला.

1 एप्रिलला कामदा एकादशी होती. आजींनी राजगिऱ्याचे लाडू बांधून घेतले, त्यावर कोणाची चर्चा झाली नाही.

भिंतीवरचं कालनिर्णय आणि समुद्र

बेटांचा क्रम हा मला या आखणीतला सगळ्यात आवडलेला भाग. पोर्ट ब्लेअरहून पर्यटक जातात ती मुख्य दोन बेटं: हॅवलॉक आणि नील. 2018 च्या डिसेंबरअखेरीस त्यांची नावं स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप अशी झाली, तरी बोलण्यात अजून जुनीच नावं चालतात. हॅवलॉकला राधानगरचा लांबरुंद किनारा आणि एलिफंट बीचवर प्रवाळ बघायची सोय. नीलला लक्ष्मणपूर भागात खडकाची नैसर्गिक कमान आहे, आणि तिच्यापर्यंत चालत जाता येतं ते फक्त ओहोटीला. भरती असताना गेलात तर पाणीच दिसतं.

पौर्णिमा-अमावस्येच्या सुमारास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते आणि उधाणाची भरती होते. तेव्हा पाणी जसं खूप चढतं तसंच खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाण्याचा चढ-उतार कमी. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. आपल्याला सांगावं लागतं. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयात 6 एप्रिलला पौर्णिमा, हनुमान जयंती. मी आजोबांना म्हटलं, "काकाजी, खडक उघडे बघायचे तर पौर्णिमेच्या जवळ नीलला असलं पाहिजे." त्यांनी चष्मा लावून 5 तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने 'नील' लिहिलं. तिथून मागे मोजत गेलो: 3 आणि 4 ची रात्र हॅवलॉक, 2 ची पोर्ट ब्लेअर. भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून 5 ची ओहोटी दुपारनंतरची निघाली. ती रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून अगदी त्या दिवसाचीच वेळ पाहावी लागते.

आणि तिथला दिवस लवकर मावळतो. घड्याळ आपलंच, पण जागा खूप पूर्वेला. एप्रिलच्या सुरुवातीला नागपुरात साडेसहाला सूर्य मावळतो, तिथे साडेपाचच्या सुमारास. पहाटे सव्वापाचला उजेड. आपल्या सवयीने दहाला बाहेर पडून सहाला किनाऱ्यावर जाणाऱ्या माणसाला तिथे अंधार भेटतो. मुलांना मी आधीच सांगितलं होतं, रात्री आठला झोप आणि पाचला समुद्र. मुलगा म्हणाला, सुट्टीत काहून एवढ्या लवकर उठायचं? पण तिथे गेल्यावर सगळ्यात आधी तोच उठत होता.

काय घेतलं, काय सोडलं

सेल्युलर जेल पहिल्याच दिवशी ठेवलं, 2 तारखेला दुपारी. सकाळी विमानातून उतरून जेवण, दोन तास झोप, मग जेल आणि संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम. त्या दिवशी दुसरं काही नाही. पुष्कळ कार्यक्रमपत्रिकांत जेल शेवटच्या दिवशी टाकलेलं असतं. मला ते पटत नाही. बेटावर ज्यासाठी आलो ते शेवटच्या दिवसावर ठेवू नये, कारण परतीची बोट लांबली तर नेमकं तेच हुकतं. 1896 ते 1906 या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात पाखांपैकी आज तीन उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, टोकाला. गुडघ्यांचा विचार करून मी म्हटलं होतं, खालून बघितलं तरी चालेल. आजोबा प्रत्येक मजल्यावर बसत, नातीच्या खांद्यावर हात ठेवून, वर गेले. त्यांना अर्धा तास लागला आणि कोणीही घाई केली नाही. दिवसाला एकच कार्यक्रम असला की अर्धा तास देता येतो.

एलिफंट बीचला मुलांनी आणि आईवडिलांनी जॅकेट घालून, गाइडच्या रिंगला धरून प्रवाळ पाहिलं. रक्तदाब असताना ते करायचं नाही हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं, तेव्हा आजींसाठी काचेच्या तळाची बोट. बोट लागू नये म्हणून गोळ्याही नागपुरातच डॉक्टरांना विचारून घेतल्या. मोठं सरकारी रुग्णालय, जी. बी. पंत, हे पोर्ट ब्लेअरला. बेटांवर सोयी मर्यादित, म्हणून रोजच्या गोळ्या जास्तीच्या आणि दोन वेगवेगळ्या पिशव्यांत. रोख रक्कमही तशीच दोन ठिकाणी, कारण लहान बेटांवर एटीएम कमी.

पाण्याबद्दल मी कडक बोललो. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. जिथे खुणा नि जाळी लावून जागा आखलेली आहे तिथेच उतरायचं, खाडीच्या तोंडाशी नाही, आणि दिवस कलल्यावर अजिबात नाही. वाळूवर बारीक चावऱ्या माशा असतात, म्हणून टॉवेल अंथरून लोळायचं नाही. मुलाला शंख-शिंपले आणायचे होते. प्रवाळाचा तुकडा उचलणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासलं जातं. त्याने वाळूवरच्या शिंपल्यांची चित्रं काढून आणली.

मुलीला बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा पाहायच्या होत्या. तिथे जाणारा रस्ता जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो, गाड्या पोलिस ताफ्यातून सोडतात, आणि मध्ये थांबायला नि फोटो काढायला बंदी आहे. आजोबांच्या पाठीला तो दिवस झेपला नसता, हे एक कारण. दुसरं मी तिला सरळ सांगितलं. ती माणसं मोजून काहीशे उरलीत, आपल्याकडचे आजार त्यांना नवे, आणि त्यांच्या घरातून पर्यटकांच्या गाड्या जाव्यात हे मला योग्य वाटत नाही. ती सातवीतली मुलगी बराच वेळ प्रश्न विचारत राहिली आणि मग तिनेच नको म्हटलं. मी कुणालाच ती सहल आखून देत नाही.

प्रत्यक्षात

3 तारखेची सकाळची बोट आदल्या संध्याकाळी आलेल्या मेसेजने दुपारी गेली. हॅवलॉकचा पहिला दिवस मी मुद्दाम रिकामा ठेवला होता, त्यामुळे काहीच बुडलं नाही. वडिलांचा फोन आला तेव्हा आवाजात काळजी होती, पण जेवून झोपा एवढंच सांगायचं होतं.

5 ला नीलच्या खडकांवर पाणी खूप आत गेलं होतं. उघड्या पडलेल्या डबक्यांत काळी समुद्रकाकडी, निळसर ओठांचे मोठे शिंपले, खडकाच्या फटीत खेकडे. खडक निसरडे, म्हणून आजी-आजोबा वरच नारळपाण्याच्या दुकानाशी बसले. मुलगा प्रत्येक डबक्यापासून त्यांच्याकडे पळत जाऊन सांगून येत होता. आईने मला तेवढा एकच व्हिडिओ पाठवला.

6 ला बोटीने पोर्ट ब्लेअर. समुद्री प्रवास आणि परतीचं विमान एकाच दिवशी मी कधीच ठेवत नाही. 7 ला विमान, रात्री हावड्याहून गाडी, 8 ला घर. बोर्डिंग पास एका पाकिटात जपून ठेवले होते. आगाऊ रक्कम घेतलेली असल्याने बिल परतल्यापासून महिन्याच्या आत द्यायचं होतं. ते एप्रिलमध्येच गेलं. नागपूर-कोलकाता विमानाचा रेल्वे भाड्यावरचा फरक आणि आजी-आजोबांचा प्रवास वगळता तिकिटांचे पैसे परत आले. हॉटेल, बोटी आणि खाणंपिणं एलटीसीत नसतं, तो खर्च घरचा.

एक गोष्ट राहिली. मुलांच्या मावशीच्या घरालाही सोबत यायचं होतं. पण तिची मुलं राज्य मंडळाच्या शाळेत, त्यांची परीक्षा एप्रिलमध्ये. विदर्भातल्या शाळा त्या वर्षी 30 जूनला उघडणार, म्हणजे मे महिना पूर्ण मोकळा, आणि मावशीने 8 मेच्या आठवड्याचे दर विचारले. मी नाही म्हटलं. मान्सून अंदमानात साधारण मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पोचतो, आणि त्याआधीचे आठवडे बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचे. पावसात भिजणं परवडतं, बोटी बंद पडून आजारी सासऱ्यांसकट बेटावर अडकणं परवडत नाही. ताई जरा नाराजच झाल्या, इतरांनी बुकिंग केलंय म्हणाल्या. त्याच आठवड्यात मोखा वादळ अंदमानजवळच्या समुद्रात तयार होऊ लागलं आणि प्रशासनाने इशारे दिले. त्यांना मी नाताळच्या सुट्टीचा आराखडा दिला, आणि डिसेंबरची गर्दी मोठी म्हणून तिकिटं ऑगस्टमध्येच काढायला लावली.